रंग काढून टाकणारा चित्रकार

दिवाळीतला आकाशकंदील तुम्ही भर दुपारी कधी नीट पाहिलाय? या वेळी जरूर पाहा. लाल जिलेटिनचा कागद दुपारी अगदी मळकट, काळपट दिसतो. आणि संध्याकाळी आत दिवा लागला, की तोच कागद असा काही पेटून उठतो की येणारा-जाणारा मान वर करून बघतो.

कागद तोच, मग बदललं काय? दुपारी उजेड बाहेरून कागदावर पडतो आणि त्यातला थोडासाच आपल्या डोळ्यांकडे परत येतो. संध्याकाळी मात्र उजेड कागदातून आरपार येतो. पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. लाल जिलेटिन त्यातला लाल तेवढा पुढे सोडतं आणि बाकीचे स्वतःत मुरवून टाकतं.

एवढ्याशा गोष्टीवर एका माणसाने आपलं सारं आयुष्य लावलं. त्याचं नाव हॅरी क्लार्क. तो आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात १७ मार्च १८८९ रोजी जन्मला. त्याचे वडील जोशुआ यांचा चर्च सजवायचा कारखाना होता आणि त्यात रंगीत काचेच्या खिडक्याही बनत. हॅरी चौदा वर्षांचा असताना त्याची आई गेली. त्याच सुमारास त्याची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली काम शिकू लागला. पुढे डब्लिनच्या कलाशाळेत त्याला आल्फ्रेड चाइल्ड नावाचे शिक्षक भेटले. विद्यार्थी असतानाच लंडनच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या काचकामाला सुवर्णपदक मिळालं, आणि तेही एकदाच नव्हे!

आता जरा कारखान्यात डोकावू या.

रंगीत काच म्हणजे वरून रंग फासलेली काच नव्हे. काच भट्टीत वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगं मिसळतात. कोबाल्ट घातलं की गर्द निळी काच होते, मँगनीजने जांभळी होते. आणि चक्क सोनं घातलं तर? पिवळी नाही, गुलाबी-लाल! सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत विखुरले, की त्यांच्यामुळे काचेतून लालसर उजेडच बाहेर पडतो. मला तर हे वाचलं तेव्हा खरंच वाटेना.

खिडकी बनवताना आधी मोठ्या कागदावर चित्र काढायचं. मग त्याबरहुकूम रंगीत काचेचे तुकडे कापायचे आणि ते शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. पेन्सिलीतल्या काळ्या कांडीलाही आपण शिसं म्हणतो, पण ते असतं ग्रॅफाइट. हे मात्र खरंखुरं शिसं, हाताने वाकेल इतका मऊ धातू. पट्टीला दोन्ही बाजूंनी खाचा असतात, त्यांत एकेक तुकडा सरकवत जायचं. चेहरा, बोटं, कपड्यांच्या चुण्या हे सारं बारीक काम काचेवर गडद रंगाच्या कुंचल्याने करायचं आणि काच पुन्हा भट्टीत भाजायची, म्हणजे रेघ काचेला कायमची चिकटते.

इथवरचं काम तर शेकडो वर्षं चालत आलेलं होतं. हॅरीची खरी कमाल पुढेच आहे.

एक छोटासा प्रयोग करा. लाल जिलेटिनच्या कागदाची एक घडी घालून खिडकीसमोर धरा, मग दोन घड्या, मग चार. रंग गडद होत होत शेवटी काळाच दिसू लागतो ना? लाल काचेचंही तसंच होतं. संबंध जाड काच लाल केली, तर तिच्यातून उजेड येतच नाही. म्हणून कारागिरांनी फार पूर्वीच युक्ती काढली होती. साध्या काचेवर लाल काचेचा अगदी पातळ थर चढवायचा, पुरणपोळीवर तूप पसरावं तसा.

आता हा पातळ थर मधूनमधून काढून टाकला तर? तिथे खालची साधी काच उघडी पडणार. पण काचेवरून काच काढायची कशी? त्यासाठी एक भयंकर आम्ल वापरतात, हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते काच खातं! म्हणून ते काचेच्या बाटलीत ठेवताच येत नाही. कातडीला लागलं तर आत हाडापर्यंत इजा करतं, त्यामुळे ते फक्त जाणत्या माणसांनीच हाताळायचं.

जिथे रंग राहायला हवा तिथे मेण लावायचं आणि काच आम्लात ठेवायची. उघडा भाग हळूहळू झिजतो. थोडा वेळ ठेवला तर लालाचा गुलाबी होतो, आणखी ठेवला तर फिका गुलाबी, आणि पुष्कळ वेळ ठेवला तर रंगच उरत नाही. म्हणजे एका सलग काचेवर, मध्ये शिशाची एकही पट्टी न घालता, रंगाच्या किती छटा! हॅरी त्याही पुढे गेला. तो लाल थराची आणि निळ्या थराची अशा दोन काचा एकावर एक बसवी. दोन्ही रंग राहिले तिथे जांभळा, निळा झिजवला तिथे लाल, लाल झिजवला तिथे निळा आणि दोन्ही काढले तिथे लख्ख पांढरा ठिपका. बाकीचे चित्रकार कोऱ्या जागेवर रंग भरतात. हा उलटा निघाला. तो रंग काढून काढून उजेडाला वाट करून द्यायचा. त्याच्या खिडक्या रत्नांसारख्या लुकलुकतात, त्या या बारीक ठिपक्यांमुळे.

त्याची सगळ्यात सुंदर खिडकी कोणती, हे मला विचाराल तर मी कॉर्क शहराचं नाव घेईन. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात होनन चॅपेल नावाचं एक छोटं प्रार्थनाघर आहे. त्यातल्या ११ खिडक्या हॅरीने १९१५ ते १९१७ या काळात केल्या, वयाच्या तिशीच्या आतच! त्यांतली एक आहे संत गॉबनेट हिची. आयर्लंडचे लोक तिला मधमाश्यांची राखणदार मानतात. लूट करायला आलेल्या चोरांवर तिने मधमाश्या सोडल्या, अशी तिची गोष्ट सांगतात. हॅरीने तिला बाजूने दाखवलंय. फिकट चेहरा, गर्द निळी वस्त्रं, भोवती घोंघावणाऱ्या मधमाश्या आणि पोळ्यासारखे षट्कोन. तो निळा रंग इतका खोल आहे, की त्यात हात घालावासा वाटतो.

खिडक्यांबरोबर तो पुस्तकांसाठीही चित्रं काढायचा. १९१६ मध्ये त्याच्या चित्रांसह हॅन्स अँडरसनच्या परीकथा निघाल्या. १९१९ मध्ये एडगर अ‍ॅलन पो यांच्या भयकथांसाठी त्याने काळ्या शाईत अशी चित्रं काढली, की रात्री एकट्याने बघू नयेत. त्यातही काळ्यामधून कोरून काढल्यासारखा पांढरा दिसतो, खिडकीतल्या उजेडासारखाच. मात्र कोलरिजच्या एका दीर्घ काव्यासाठी केलेली त्याची चित्रं छापून येऊच शकली नाहीत. १९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला आणि त्या धुमश्चक्रीत ती नष्ट झाली.

मग एक मोठं काम आलं. आयर्लंड नुकताच स्वतंत्र झाला होता. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या इमारतीला देशातर्फे एक खिडकी भेट द्यायची, असं सरकारने ठरवलं. हॅरीने तिच्यात आयरिश लेखकांच्या साहित्यातले पंधरा प्रसंग घेतले. तेव्हा त्याला क्षयाने गाठलं होतं. क्षयावर गुणकारी औषध तेव्हा नव्हतं, म्हणून डॉक्टर रोग्यांना स्वित्झर्लंडच्या थंड डोंगरांत पाठवत, तसं त्यालाही पाठवलं. मध्ये घरी येऊन त्याने १९३० मध्ये खिडकी पुरी केली. पण सरकारला त्यातले काही प्रसंग पसंत पडले नाहीत, आणि ती जिनिव्हाला गेलीच नाही. ६ जानेवारी १९३१ रोजी, स्वित्झर्लंडहून घरी परतायच्या वाटेवर, कूर या गावी तो वारला. एक्केचाळीस वर्षांचं वय. त्याची पत्नी मार्गारेट स्वतः चित्रकार होती. तिने ती खिडकी सरकारकडून परत विकत घेतली. आज ती अमेरिकेतल्या मायामी बीचवरच्या एका संग्रहालयात आहे. आयर्लंडच्या लेखकांची खिडकी आयर्लंडमध्येही नाही आणि जिनिव्हातही नाही, याची मला फार हळहळ वाटते.

होनन चॅपेलच्या खिडक्या मात्र आपल्या जागी आहेत. दिवसा बाहेरून पाहिलं तर त्या काळ्याकरड्या दिसतात, आत काय आहे याचा पत्ताही लागत नाही. त्या पाहायच्या तर आत जाऊन, सूर्याकडे तोंड करून. आणि संध्याकाळी आत दिवे लागले, की सगळं उलटं होतं. आतल्या माणसांना काचा काळ्या दिसतात, आणि बाहेरच्या वाटेने चाललेल्या एखाद्याला अंधारात निळी गॉबनेट आणि तिच्या मधमाश्या उजळलेल्या दिसतात. त्या वेळी अख्ख्या चॅपेलचाच आकाशकंदील झालेला असतो.