अलका चौकातली हवा

रात्रीचे नऊ वाजून गेलेत. मानाचे पाचही गणपती मार्गी लागलेत आणि आता लक्ष्मी, कुमठेकर, केळकर, टिळक या चारही रस्त्यांवरच्या मिरवणुका पुण्याच्या अलका चौकात येऊन भिडताहेत. पाटीवर टिळक चौक लिहिलंय, पण आज अनंत चतुर्दशीच्या दिवशी तरी कोणी त्याला त्या नावाने हाक मारत नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकू मुलाला फोन लावताहेत. लागत नाही. कापतात, पुन्हा लावतात. त्यांच्या पलीकडचे गृहस्थही तेच करताहेत, त्यांच्या पलीकडची मुलगीही.

"काड्या तर फुल दिसताहेत. मग लागत का नाही?" काकू विचारतात.

उत्तर माझी भाची देते. ती एका मोबाइल कंपनीत नेटवर्कचं काम बघते. तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये चार फोन आहेत; ते आपले आपणच फोन लावतात, कापतात, पुन्हा लावतात आणि जे होईल त्याची नोंद करतात. मी आज तिच्याबरोबर चालतेय.

"काकू, टॉवरचं बोलणं तुमच्या फोनला ऐकू येतंय, एवढंच काड्या सांगतात. तुमचं टॉवरला ऐकू जातंय का, ते त्यांना माहीत नसतं. सारखा नका लावू. एक मेसेज टाका आणि थोडं थांबा."

काकूंचा विश्वास बसत नाही, पण मेसेज टाकतात.

गर्दीतून सरकता सरकता भाची मला समजावते. फोन लावायचा म्हणजे आधी टॉवरकडे बोलायची परवानगी मागायची. फोरजीत त्यासाठी प्रत्येक टॉवरने ६४ खुणा ठरवून ठेवलेल्या असतात. फोन त्यातली एक खूण आपल्या मनाने उचलतो आणि पाठवतो. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच खूण पाठवली तर दोघांची परवानगी बारगळते. मग दोघंही थोडा वेळ थांबतात, किती थांबायचं ते नशिबावर, आणि पुन्हा प्रयत्न करतात. एरवी हे इतक्या झटकन होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. पण आज या चौकात हजारो लोक एकाच मिनिटात फोन लावताहेत, आणि न लागलेला प्रत्येक फोन पुन्हा त्याच रांगेत येऊन धडकतोय.

हे गणित जुनं आहे. हवाई बेटांवरचे संगणक रेडिओने जोडण्यासाठी नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलावं, असा साधा नियम. हिशेब केल्यावर दिसलं की या नियमाने हवेतला वेळ फार तर १८ टक्के कामी लागतो. त्यापुढे बोलणारे जितके वाढतील तितकं पोचणारं बोलणं कमी होत जातं. अलका चौकात आत्ता तेच चाललंय.

दुभाजकापाशी एक हवालदार उभे आहेत, हातातला सेट कानाला चिकटवून. टिळक रस्त्यावरून येणाऱ्या पथकाचा ताशा इतका जवळ आलाय की ते तोंडाशी तळहाताचा आडोसा करून बोलताहेत.

"कंट्रोल, अलका चौक."

"बोला अलका."

"टिळक रोडचा गाडा चौकात येतोय. लक्ष्मी रोड थांबवलाय. ओव्हर."

तीन वाक्यं, आणि बटण सोडलं. लगेच दुसऱ्या कुठल्याशा पॉइंटचा आवाज येतो. मी हे मिनिटभर नुसतं ऐकत राहते. एकाच चॅनलवर कितीतरी पॉइंट आहेत, आणि एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर बाकीच्यांना नुसती खरखर. तरी काम चालतंय, कारण प्रत्येक जण आधी ऐकतो, मग बोलतो, थोडक्यात बोलतो, आणि नियंत्रण कक्षाने नाव घेतलं की बाकीचे गप्प बसतात. राज्याच्या पोलीस बिनतारी संदेश विभागाचं मुख्यालय आपल्या पुण्यातच, पाषाण रस्त्यावर आहे. सामान्य पुणेकराला ते ठाऊकही नसतं. मला हवालदारांच्या त्या सेटचं आज खरंच कौतुक वाटतंय. आपल्या खिशातला फोन त्याहून कितीतरी हुशार असूनही ठप्प आहे.

भाची चौकाच्या कडेला थांबून टॅबवर बोट ठेवते. "हे बघ मावशी. सिग्नल उणे ६८. इतका चांगला सिग्नल तुझ्या घरातही नसेल. आणि गुणवत्ता? शून्याच्याही खाली."

कारण या चौकाचा आकारच. ज्या रस्त्यांवरून मिरवणुका येतात, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर टॉवर आहेत, आणि त्या सगळ्यांचा मारा या मोकळ्या जागेत एकत्र येतो. टूजीच्या काळात शेजारच्या टॉवरना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वाटून द्यायचे, म्हणजे भांडण नको. पण त्यात हवेचा मोठा हिस्सा प्रत्येक ठिकाणी रिकामा पडून राहायचा. थ्रीजीपासून एका कंपनीचे सगळेच टॉवर तीच फ्रिक्वेन्सी वापरतात. टॉवरच्या पायथ्याशी त्याचा फायदा, आणि दोन टॉवरांच्या सीमेवर त्याचा त्रास. अलका चौक ही अशी चार-पाच टॉवरांची सीमा आहे.

मग उपाय काय? ताकद वाढवायची?

"तेच तर करायचं नाही," भाची म्हणते. "एकाने वाढवली की शेजाऱ्यालाही वाढवावी लागते. आम्ही गेल्या आठवड्यात इथले अँटेना उलट खाली झुकवले. मोठ्या टॉवरची ताकद कमी केली." चौकाजवळच्या खांबांवर छोटे सेल, म्हणजे छोटे टॉवरच, लावलेत. त्यांचं ऐकू यावं म्हणून मोठा टॉवर दर काही मिलिसेकंदांनी एक मिलिसेकंद जवळजवळ गप्प बसतो. कुठल्या मिलिसेकंदाला गप्प बसणार, ते तो शेजाऱ्यांना आधीच कळवतो.

मी मुद्दाम विचारते, दुसऱ्या कंपन्यांचं काय? ती हसते. फाइव्हजीच्या ज्या पट्ट्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर पाठवणं आणि ऐकणं आळीपाळीने चालतं, तिथे शेजारच्या कंपनीचा टॉवर बोलत असताना आपला ऐकत असेल तर आपला बहिरा होतो. म्हणून बाजारात एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्यांनाही बोलायची आणि ऐकायची वेळ एक ठेवावी लागते, तीही तीन मायक्रोसेकंदांच्या आत. हे काम सगळे टॉवर उपग्रहाच्या घड्याळावर करतात.

टिळक रस्त्याचं पथक आता चौकाच्या तोंडाशी आलंय. लक्ष्मी रस्त्यावर थांबवलेलं पथकही वाजवायचं थांबलेलं नाही. दोन्हीकडून ढोल. मी डोळे मिटते, आणि तरी मला कळतं की हा ठेका डावीकडचा आणि तो उजवीकडचा. दोन कान आहेत म्हणून. एकच कान असता तर सगळा एकच कल्लोळ ऐकू आला असता.

रेडिओनेही हे करता येतं, हे ज्या दोघांनी जगाला दाखवलं त्यांचा पुण्याशी संबंध आहे, आणि हे मला दर वेळी कोणाला तरी सांगावंसं वाटतं. थॉमस कैलथ १९३५ मध्ये पुण्यात जन्मले. शाळा कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स, आणि १९५६ मध्ये पदवी संगमाजवळच्या आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे सीओईपीतून. आरोग्यस्वामी पॉलराज तमिळनाडूचे, पण त्यांचं लष्करी शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत झालं. पुढे त्यांनी नौदलासाठी 'अप्सोह' सोनार बनवलं. समुद्राच्या गोंगाटातून पाणबुडीची चाहूल वेगळी काढण्याचं ते काम. दोघं स्टॅनफर्डमध्ये एकत्र आले आणि १९९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला: अनेक अँटेना लावले तर एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक वेगळे प्रवाह पाठवता येतील आणि पलीकडे वेगळे काढता येतील. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी तोपर्यंत डोकेदुखी समजल्या जात होत्या. या पद्धतीत त्यांचीच मदत होते, कारण प्रत्येक प्रवाह वेगळ्या वाटेने येतो. पेठांतल्या अरुंद रस्त्यांवर अशा भिंतींना तोटा नाही.

मायमो म्हणतात त्याला. आज जवळजवळ प्रत्येक फोरजी, फाइव्हजी फोनमध्ये ते आहे. २०२२ च्या १ ऑक्टोबरला देशात फाइव्हजी सुरू झालं तेव्हा पहिल्या टप्प्यासाठी जाहीर झालेल्या तेरा शहरांत पुणं होतं. गच्चीवरच्या त्या चपट्या पेटीत अनेकदा ६४ छोटे रेडिओ असतात. ते एकाच क्षणी लक्ष्मी रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या फोनशी आणि पुलाकडच्या फोनशी वेगवेगळं बोलू शकतात. खडकवासल्याकडून आलेली मुठा आज विसर्जनाचं पाणी घेऊन याच चौकाजवळून जातेय आणि पुढे संगमाशी पोचणार आहे. पॉलराज तिच्या वरच्या अंगाला शिकले, कैलथ खालच्या.

भाचीचा फोन थरथरतो. ऑफिसातल्या सहकाऱ्याचा मेसेज आहे: कुमठेकर रस्त्याकडच्या सेक्टरला नॉइज उणे ९८. शांत टॉवरला तो उणे ११८च्या आसपास असतो. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट गोंगाट.

"ही गर्दी नाही. हे दुसरंच काहीतरी आहे," ती म्हणते आणि निघते.

सदाशिव पेठेच्या एका बोळात ती सॅकमधून हातात धरायचा अँटेना काढते आणि घरांच्या अंगावरून फिरवते. एका खानावळीकडे तोंड केलं की टॅबवरची रेघ उसळते. खानावळ उघडी आहे. मंडळाची पोरं पिठलं-भाकरी खाताहेत. मालक काका गल्ल्यावर.

"काका, वर काही बूस्टर बसवलाय का?"

"बसवलाय की. ऑनलाइन मागवला. भिंती जाड, आत रेंज नाही. लोकांचे पैसे क्यूआरवर अडकायचे."

त्यांची अडचण खरी आहे. पण तो बूस्टर त्यांच्या खोलीतला आवाज वाढवताना सगळा खरखराटही वाढवून टॉवरच्या कानात ओततोय. इथून दोनशे मीटरवरची काकू मुलाला फोन लावू शकत नाही, त्यात याचाही वाटा आहे. परवान्याशिवाय असं यंत्र लावणं बेकायदेशीर आहे. भाची ते सांगते, पण आवाज न चढवता. टॅब गल्ल्यावर ठेवून ती म्हणते, "काका, एकदा बंद करून बघा, तुमच्या समोर."

पोरगा वर जाऊन बटण बंद करतो. ऑफिसातून आकडे येतात. उणे १०१. उणे ११२. उणे ११७. काका चष्मा वर करून ते वाचतात.

"आणि माझ्या क्यूआरचं काय?"

"वायफाय आहे ना तुमच्याकडे? गिऱ्हाइकांना पासवर्ड द्या, चालेल. पत्ताही द्या मला. आत छोटा सेल बसतो का, ते मी आमच्याकडे बघते. बाकीच्या कंपन्यांतल्या ओळखीच्यांनाही कळवते. इथे सगळ्यांचीच गिऱ्हाइकं येतात."

काका बिलाच्या पाठीमागे पत्ता लिहून देतात. मग थोडा विचार करतात.

"शेजारच्या लॉजवरही हेच यंत्र आहे. आम्ही दोघांनी एकदमच मागवलं होतं. तो मिरवणुकीत गेलाय, पण चावी माझ्याकडे असते." ते गल्ला पोराकडे सोपवतात आणि खिळ्यावरची चावी काढतात. "चला, वर जिना अंधारा आहे. तुमच्या फोनची बॅटरी धरा."