छातीतली कळ आणि 867 वर्षं

छातीत कळ आली म्हणून अमेरिकेत वर्षाला किती वेळा इमर्जन्सी गाठली जाते? 65 लाखांहून जास्त वेळा! मुंबईच्या सगळ्या लोकल दिवसभरात जेवढी माणसं वाहतात, जवळपास तेवढा हा आकडा. आणि त्यात हृदयाचा तातडीचा आजार निघतो शंभरात जेमतेम पाचजणांना. हे पाच ओळखायचे कसे?

ईसीजीतच अ‍ॅटॅक स्पष्ट दिसला, तर रुग्ण थेट कॅथलॅबमध्ये. खरा पेच ईसीजी आणि पहिलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन), दोन्ही नॉर्मल आलेल्यांचा. त्यांच्यासाठी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचं सीटी चित्र.

शिरेतून डाय जातो, अंगभर ऊब पसरते, स्पीकरवरून ‘श्वास रोखा’ असं सांगतात. तेवढ्यात सीटी यंत्राच्या पांढऱ्या कड्याच्या आत काय चाललेलं असतं पाहा! सर्वात चपळ यंत्रांत एक्स-रे नळी पाव सेकंदात एक गिरकी घेते. ती मध्यापासून 60 सेंटिमीटरवर धरली, तर वेग ताशी 54 किलोमीटर, तोही एवढ्याशा वर्तुळात. नळीच्या प्रत्येक किलोला 38 किलोंची ओढ! आतले इलेक्ट्रॉन तर सेकंदाला पावणेदोन लाख किलोमीटरने सुटतात. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा. एका सेकंदात अकराशेहून जास्त वेळा!

डिटेक्टरच्या 320 ओळींचं यंत्र हृदयाच्या एका ठोक्यात अर्ध्या मिलिमीटरचे 320 काप टिपतं. कापात 512 गुणिले 512 ठिपके. एकूण 8 कोटी 38 लाख. सेकंदाला एक मोजायला बसलात, तर अडीच वर्षं पुरणार नाहीत. 1971 साली लंडनमध्ये अभियंते हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने मेंदूचं पहिलं सीटी चित्र काढलं, त्यात ठिपके होते 6,400. तेवढे तर दोन तासांच्या आत मोजून होतात!

आता वेळेचा हिशेब. अमेरिकेतल्या 9 रुग्णालयांत 1,000 रुग्णांवर झालेला ‘रोमिकॅट-2’ हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. सीटी झालेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी 7.6 तासांनी घटला. डेक्कन क्वीनच्या वेगाने पुण्याहून मुंबईला जाऊन परत यावं, वर सावकाश जेवावं, इतका! इमर्जन्सीतून परस्पर घरी गेले शंभरात 47. नेहमीच्या पद्धतीत फक्त 12.

समजा, त्या 65 लाखांतल्या 10 लाखांचेच एवढे तास वाचले. झाले 76 लाख तास. म्हणजे 867 वर्षं! ज्ञानेश्वरी 1290 सालची, तिलाही अजून साडेसातशे झालेली नाहीत. आणि हे तास फक्त खाटेवरच्या माणसाचे. बाहेर बाकड्यावर जीव मुठीत धरून बसलेल्या त्याच्या बायकोचे, मुलांचे, भावाचे तास यात धरलेलेच नाहीत!