पात्रकल्पना (चित्रपट)

पात्रकल्पना म्हणजे चित्रपटाची कथा रचताना तिच्यातील व्यक्तींचे रूप, वय, स्वभाव, बोली व हालचाली मनात उभ्या करण्याची आणि त्या व्यक्ती पडद्यावर कोण साकारू शकेल याचा विचार करण्याची प्रक्रिया होय. पटकथा पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष कलाकारांची जी निवड होते, तिला पात्रयोजना (बोलभाषेत ‘कास्टिंग’) असे म्हणतात. पात्रकल्पना त्याआधी सुरू होते आणि बहुधा चित्रीकरणापर्यंत चालू राहते.

या टप्प्यावर लेखकाला दोन तयार आधार मिळतात. एक, प्रेक्षकांच्या ओळखीचे पात्रप्रकार, जसे प्रामाणिक शिक्षक, मग्रूर पाटील, भोळा खेडूत. दुसरा, ओळखीचे नट. हे दोन्ही आधार कथेला लवकर आकार देतात. मात्र त्यांच्यावरच विसंबल्यास आधी पाहिलेली माणसेच पुन्हा पडद्यावर येतात आणि पूर्वी न दिसलेल्या माणसांना कथेत जागा मिळत नाही. त्यामुळे पात्रकल्पना ही लेखनाची तांत्रिक पायरी असली, तरी नायक म्हणून कोणाचा विचार होऊ शकतो, हा प्रश्नही तिच्याशी जोडलेला आहे.

संज्ञा

संस्कृतमध्ये ‘पात्र’ या शब्दाचा मूळ अर्थ भांडे असा आहे; नाटकातील व्यक्ती हा त्याचा दुसरा अर्थ. मराठीत हे दोन्ही अर्थ रूढ आहेत. कथेतील व्यक्तीला ‘पात्र’ किंवा ‘व्यक्तिरेखा’, नटाने करावयाच्या कामाला ‘भूमिका’ आणि अनेक कथांत आढळणाऱ्या समान स्वभावाच्या पात्रांच्या गटाला ‘पात्रप्रकार’ म्हणतात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत पात्रांचे ‘सपाट’ व ‘गोलाकार’ असे दोन वर्ग केले. एका वाक्यात सांगता येते ते पात्र सपाट. जे खात्री पटेल अशा रीतीने आश्चर्याचा धक्का देऊ शकते ते गोलाकार. पटकथालेखनाच्या चर्चेत हा भेद आजही वापरला जातो.

परंपरेतील पात्रप्रकार

भरताच्या नाट्यशास्त्रात नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत व धीरप्रशांत असे चार प्रकार सांगितले आहेत. विदूषक, विट, शकार ही ठरावीक पात्रेही तेथे आढळतात. नट आणि भूमिका यांच्या नात्याचाही विचार या ग्रंथात केलेला आहे. नटाचे वय व रूप भूमिकेशी जुळत असल्यास ती अनुरूप, बालकाने वृद्धाचे किंवा वृद्धाने बालकाचे काम केल्यास विरूप आणि पुरुषाने स्त्रीची भूमिका केल्यास ती रूपानुसारी, असे तिचे तीन प्रकार मानले आहेत. नट व पात्र यांचे साम्य ही एकच शक्यता नसून विसंगतीलाही कलेत स्थान आहे, हे यातून दिसते.

महाराष्ट्रातील तमाशात गौळणीमधील कृष्ण, पेंद्या व मावशी आणि वगातील राजा, प्रधान व सोंगाड्या ही पात्रे ठरलेली असतात. प्रेक्षक सोंगाड्याला प्रवेश करताक्षणी ओळखतात. तो आज काय बोलेल, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. गावातील ताज्या घडामोडींवर तो आयत्या वेळी संवाद रचतो. साचा परंपरेचा आणि त्यातील जिवंतपणा नटाचा, अशी ही विभागणी आहे.

मराठी चित्रपटातील आरंभीची उदाहरणे

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. ते मुंबईत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करीत असत. चित्रपटात काम करण्यास स्त्रिया तयार होत नसल्याने फाळक्यांना हा मार्ग स्वीकारावा लागला. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि ही अडचण अटळ नव्हती हे सिद्ध झाले. तरीही जुनी प्रथा लगेच संपली नाही. ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या.

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात तुकारामांचे काम विष्णुपंत पागनीस यांनी केले. रंगभूमीवर ते स्त्रीभूमिकांसाठी परिचित होते. त्यांच्या मृदू, अंतर्मुख वावरासमोर गौरी यांनी रंगविलेली तुकारामांची पत्नी कणखर व व्यवहारी आहे. ‘संतपुरुष’ व ‘कजाग बायको’ हे दोन ठरीव साचे या जोडीने बऱ्याच अंशी मोडले. व्ही. शांताराम यांच्या ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटात हिंदू-मुस्लिम मैत्रीची कथा आहे. त्याच्या ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदू शेजाऱ्याची भूमिका मजहर खान यांनी, तर मुस्लिम शेजाऱ्याची गजानन जागीरदार यांनी केली. तेथे पात्रयोजनाच कथेच्या आशयाचा भाग झाली.

नट डोळ्यांसमोर ठेवून लेखन

विशिष्ट नट मनात धरून लिहिण्याची पद्धत जगभर आढळते. सत्यजित राय यांनी ‘नायक’ (१९६६) या बंगाली चित्रपटाची पटकथा उत्तमकुमार यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. कथेचा विषयच एका लोकप्रिय नटाचे एकाकीपण हा असल्याने उत्तमकुमार यांची प्रतिमा कथेला पोषक ठरली.

या पद्धतीत लेखकाला प्रत्यक्ष आवाज ऐकू येतो. वाक्ये किती लांब असावीत, पात्र कोठे थांबेल, शब्दांऐवजी नजरेने काय सांगेल, हे ठरविणे सोपे जाते. धोका असा की, लेखक नकळत त्या नटाच्या जुन्या भूमिकांची नक्कल लिहू लागतो. पात्राला हवे ते वाक्य बाजूला पडते आणि नटाला शोभेल ते वाक्य कागदावर उतरते. शिवाय तो नट उपलब्ध झाला नाही, तर त्याच्या लकबींवर उभे केलेले पात्र दुसऱ्याच्या अंगावर बसत नाही. म्हणून काही लेखक चित्रपटातील नटांऐवजी परिचित व्यक्ती, दिवंगत कलावंत किंवा अनेक व्यक्तींचे मिश्रण मनात धरतात.

एकाच नटाकडे दोन दृष्टींनी पाहता येते, याचे ठळक मराठी उदाहरण निळू फुले यांचे आहे. ‘सामना’ (१९७५) मध्ये त्यांनी हिंदुराव धोंडे पाटील या साखरसम्राटाची भूमिका केली. मराठी चित्रपटातील सत्ताधारी खलपुरुषाच्या प्रतिमेशी त्यांचे नाव पुढे घट्ट जोडले गेले. ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये मात्र ते दिगू टिपणीस या पत्रकाराच्या रूपात दिसतात. सत्तेचा खेळ जवळून पाहणारा आणि त्यामुळे आतून ढासळणारा हा माणूस आहे. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक जब्बार पटेल आणि पटकथालेखक विजय तेंडुलकर होते. ज्या चेहऱ्यावर प्रेक्षक सत्तेचा माज शोधत होते, तेथेच असहायता दिसल्याने भूमिकेचा परिणाम वाढला. नटावर बसलेला शिक्का लेखक-दिग्दर्शकाला असा उलट दिशेनेही वापरता येतो.

प्रक्रिया : एक नमुना

साच्यापासून व्यक्तीपर्यंतचा प्रवास स्पष्ट व्हावा, यासाठी जळगाव जिल्ह्यातील जामनेर परिसरात घडणारी एक काल्पनिक कथा घेता येईल. पाचोरा-जामनेर या नॅरोगेज रेल्वेमार्गावरील फाटकाचा एक गेटमन हे तिचे मुख्य पात्र आणि मार्ग बंद होणार असल्याची वार्ता हा कथेचा आरंभ, असे मानू.

पहिल्या पायरीवर साचा येतो : गरीब, प्रामाणिक, निवृत्तीला आलेला कर्मचारी. त्याच्याविषयी सहानुभूती लगेच वाटते; मात्र तो पुढे काय करील, हेही लगेच कळते. दुसऱ्या पायरीवर लेखकाला एखादा ज्येष्ठ नट आठवतो. त्याचा कापरा आवाज कानात घुमू लागतो आणि संवाद करुण होत जातात.

तिसरी पायरी निरीक्षणाची असते. दिवसातून मोजक्याच गाड्या जात असतील, तर मधल्या वेळात हा माणूस काय करतो? त्याने खोलीमागे मिरच्या लावल्या आहेत. रुळाकडेच्या गवतावर त्याची शेळी चरते. जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांना तो क्षणभर अधिक वाट देतो आणि त्याबद्दल गाडीवानांकडून पसाभर कापूस घेतो. मार्ग बंद होण्याचे दुःख त्याला आहेच. परंतु खोली सोडावी लागेल ही भीती त्याहून मोठी आहे, कारण शेंदुर्णीला मुलाच्या घरी त्याला जायचे नाही. आता तो पूर्वीइतका निष्कलंक राहिलेला नाही, आणि म्हणूनच तो ओळखीचा वाटू लागतो. त्याला काहीतरी हवे आहे, ते मिळविण्यात अडथळा आहे आणि त्यासाठी तो खोटे बोलण्याचीही शक्यता आहे. कथा येथून पुढे सरकते.

चौथ्या पायरीवर लेखक पुन्हा नटाकडे वळतो. आता हवा असलेला कलाकार बराच वेळ न बोलता पडद्यावर राहू शकणारा, कष्टाची सवय असलेल्या हातांचा आणि तेथील बोली सहज बोलणारा असावा लागतो. मनातील पहिला नट कदाचित या कसोटीस उतरणार नाही. निवड झाल्यानंतर वाचनाच्या बैठका व तालमी होतात आणि कलाकाराच्या बोलण्या-चालण्यानुसार संवादांत पुन्हा बदल केले जातात.

अव्यावसायिक कलाकार

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटालियन नववास्तववादी चित्रपटांनी अव्यावसायिक कलाकारांना मध्यवर्ती भूमिका दिल्या. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) चा नायक एका कारखान्यातील कामगाराने साकारला होता. मराठीत नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) मध्ये जब्याची भूमिका सोमनाथ अवघडे या ग्रामीण भागातील शाळकरी मुलाने केली आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या जातीमुळे व रूपामुळे आपण नाकारले जाऊ, या भीतीत जगणाऱ्या मुलाची ही कथा आहे. रूढ कल्पनेतील देखणा बालनट निवडला असता तर कथेचा मुद्दाच उरला नसता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये नारायण कांबळे या लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. त्यांच्यासोबत गीतांजली कुलकर्णी यांच्यासारख्या प्रशिक्षित अभिनेत्रीही होत्या.

अव्यावसायिक कलाकार घेतल्याने चित्रपट आपोआप खरा होत नाही. अशा कलाकारांसाठी दीर्घ तालीम आणि लवचीक पटकथा आवश्यक असते. एखाद्या समाजातील व्यक्तीला त्याच समाजाच्या दुःखाच्या भूमिका पुन्हा पुन्हा मिळत राहिल्यास त्यातूनही नवा साचा तयार होतो.

मालेगावचा चित्रपट

खानदेशच्या सीमेवरील मालेगाव या यंत्रमागांच्या शहरात व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट तयार केला. येथे पात्रकल्पनेचा क्रम उलटा होता. पात्रे व त्यांचे मूळ नट प्रेक्षकांना आधीच पाठ होते. शोध घ्यायचा होता तो त्या जागी उभे राहणाऱ्या गावातील माणसांचा. पुढे मालेगावच्या ‘सुपरमॅन’ची भूमिका शफीक शेख या यंत्रमाग कामगाराने केली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात त्या चित्रपटाची निर्मिती दिसते. बलदंड महानायकाचा पोशाख किरकोळ देहाच्या कामगाराने घातल्यावर प्रथम हसू येते. चित्रपट पाहणाऱ्या गावाला मात्र आपल्यापैकी एकजण आकाशात उडताना दिसतो. या मंडळींच्या जीवनावर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात नासिर यांची भूमिका आदर्श गौरव यांनी केली.

बोली आणि पात्र

संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, तर विदूषक, बहुतेक स्त्रिया व सेवक प्राकृत बोलतात. भाषेवरून पात्राची पायरी ठरविण्याची ही रीत मराठी पडद्यावरही वेगळ्या रूपात दिसते : नायक प्रमाण मराठीत बोलतो आणि बोली बहुधा नोकर, गावंढळ किंवा विनोदी पात्राच्या वाट्याला येते. खानदेशात धुळ्याकडे अहिराणी, जामनेरच्या बाजूस तावडी आणि यावल-रावेर भागात लेवा गणबोली बोलली जाते. या बोली एकमेकींहून भिन्न असूनही सरसकट ‘खानदेशी हेल’ म्हणून वापरल्या गेल्यास पात्राचे गाव व घर पुसले जाते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी जगण्याविषयीचे सखोल चिंतन आपल्या घरच्या बोलीतच मांडले. एखादी बोली स्वभावतः विनोदी नसते. तिला दिलेल्या पात्रांमुळे ती तशी वाटू लागते.

मर्यादा

साचे पूर्णपणे टाळणे शक्य नसते. दुय्यम पात्रांना पडद्यावर थोडाच वेळ मिळतो आणि प्रेक्षकाने त्यांना चटकन ओळखावे लागते. विनोदी व विडंबनात्मक चित्रपट तर ओळखीच्या साच्यांवरच उभे असतात. लोकप्रिय नटाच्या नावावर निर्मितीसाठी पैसा उभा राहतो, हेही वास्तव आहे. त्यामुळे पात्रप्रकार व नट ही लेखनाची सुरुवात मानावी, शेवट नव्हे, असा व्यवहार्य मार्ग अनेक लेखक स्वीकारतात. पात्राने कथेत निदान एकदा तरी साच्यात न बसणारी, पण त्याच्या स्वभावाशी सुसंगत अशी कृती केली, म्हणजे ते प्रकारातून सुटून व्यक्ती झाले असे मानता येते.