चुकण्याची मुभा असलेली खोली

गेल्या डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनास मी माजी विद्यार्थी म्हणून उपस्थित होतो. मी औष्णिक वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात काम करतो हे कळल्यावर नववीच्या एका विद्यार्थ्याने मला गाठले आणि मोठ्या गंभीरपणे विचारले, "काका, तुमच्या हातून चूक झाली तर काय होतं?" पाहुण्याला असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, विचारतात ते पगार किती आणि सुट्या किती. त्या गर्दीत मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी लेख मागितला, तेव्हा ते राहून गेलेले उत्तरच येथे द्यावे असे ठरविले.

उत्तराचा प्रारंभ एका खोलीपासून करावा लागेल. ही खोली वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षाची हुबेहूब प्रतिकृती असते. तेच पडदे, तेच आलेख, त्याच लाल-हिरव्या खुणा, धोक्याची सूचना देणारी तीच कर्कश घंटा. फरक एवढाच की भिंतीपलीकडे बॉयलर नाही, टर्बाइन नाही, कोळशाचा एक खडाही नाही. पलीकडे आहे तो केवळ संगणक. या व्यवस्थेस सिम्युलेटर म्हणतात. तिला 'प्रतिरूप-यंत्र' म्हणावयास हरकत नाही. परंतु आम्हां काम करणाऱ्यांच्या तोंडी सिम्युलेटर हाच शब्द रुळला आहे, म्हणून मीही तोच वापरतो. आपल्या देशात राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठान ही सरकारी संस्था अशा सिम्युलेटरवर शिक्षण देते. तिचे मुख्यालय फरीदाबाद येथे असून नागपुरातही तिचे केंद्र आहे.

ही कल्पना मुळात वीजकेंद्राची नव्हे, विमानाची. अमेरिकेतील एडविन लिंक या तरुणाच्या घराण्याचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीत जसा भाता असतो तसे भाते ऑर्गनमध्येही असतात. 1929 साली लिंकने त्याच भात्यांवर एक लहानशी लाकडी विमानपेटी बसविली. दांडा हलविला की पेटी खऱ्या विमानासारखी डुले, कले, वळे. प्रारंभी लोकांना ते जत्रेतले खेळणे वाटले. पुढे 1934 साली अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले आणि वाईट हवामानात कित्येक तरुण वैमानिक प्राणांस मुकले, तेव्हा कोठे सैन्याने अशा सहा पेट्या विकत घेतल्या.

आता वीजकेंद्राकडे वळू. कोळसा पिठासारखा दळून भट्टीत जाळावयाचा, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची, वाफेने टर्बाइन फिरवावयाचे आणि टर्बाइनला जोडलेल्या जनित्रातून वीज घ्यावयाची, एवढे तत्त्व पाठ्यपुस्तकात आहेच. परंतु पुस्तकातील आकृतीवरून प्रमाणाची कल्पना येत नाही. 210 मेगावॉटच्या एका संचात पूर्ण भार असताना तासाला सुमारे 700 टन वाफ लागते. म्हणजे घरात पाणी साठविण्याचे जे मोठे पिंप असते, जवळजवळ तेवढे पाणी दर सेकंदाला वाफ होऊन निघून जाते. ती वाफ 540 अंश सेल्सियसच्या आसपास तापलेली असते आणि टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेत असते. असल्या यंत्रावर नवशिक्याला 'करून पाहा आणि शीक' असे कोण म्हणेल?

सिम्युलेटरचा संगणक जे करतो ते थोडक्यात असे. बॉयलर, पंप, पंखे, झडपा, टर्बाइन या प्रत्येकासाठी गणिताची समीकरणे लिहिलेली असतात. किती पाणी आले, किती गेले, किती उरले. किती उष्णता मिळाली, किती खर्ची पडली. अमुक दाबाला आणि तमुक तापमानाला वाफेचे घनफळ किती. ही सारी समीकरणे संगणक सेकंदाला अनेक वेळा सोडवितो आणि उत्तरे पडद्यावर दाखवितो. शिकणाऱ्याने एक झडप उघडली की पुढच्या क्षणी प्रवाह बदलतो, मग दाब बदलतो, मग तापमान. आणि तेही एकदम नव्हे, तर खऱ्या यंत्रात जेवढा विलंब लागतो तेवढ्याच विलंबाने. हा विलंबच शिकण्यासारखा असतो. हाताखालची वस्तू ताबडतोब उत्तर देत नाही म्हणून माणूस अधीर होतो, आणखी एकदा कळ दाबतो, आणि मग दोन्ही दाबण्यांचे फळ एकदमच पदरात पडते.

संच थंड असताना चालू करावयाचा झाला तर कामाला कित्येक तास लागतात. प्रथम पंखे चालू करून भट्टीत पाच मिनिटे नुसती हवा खेळवावी लागते. भट्टीत न जळलेला तेलाचा किंवा कोळशाचा अंश कोंडून राहिला असेल तर पहिल्या ज्वालेबरोबर स्फोट होऊ शकतो. ती पाच मिनिटे त्याच्यासाठी. ती पुरी होईपर्यंत यंत्रणा ज्योत पेटवू देत नाही. मग तेलाच्या ज्वाला, मग दाब हळूहळू वाढविणे, मग टर्बाइन फिरविणे. टर्बाइनचे जाड पोलाद सावकाश तापवावे लागते, कारण फिरणारा भाग आणि भोवतालचे कवच सारख्या गतीने प्रसरण पावले नाहीत तर ते एकमेकांस घासतील. सिम्युलेटरवर प्रशिक्षकाला या कंटाळवाण्या अवधीत काळ भराभर पुढे नेता येतो. तो काळ थांबवूही शकतो आणि मागेही नेऊ शकतो. शिवाय काचेआड बसून, शिकणाऱ्याला न कळू देता, एखादा पंप बंद पाडणे, एखादी नळी फोडणे, एखादे मापक खोटे बोलावयास लावणे हेही त्याच्या हातात असते. आमचे प्रशिक्षक अत्यंत सौम्य स्वभावाचे गृहस्थ होते, परंतु काचेआड गेले की त्यांच्यात नारद संचारत असे.

माझी पहिली चूक त्यांनीच घडवून आणली. ती समजण्यासाठी बॉयलरच्या ड्रमविषयी सांगितले पाहिजे. बॉयलरच्या माथ्यावर पोलादाचे एक आडवे, लांबलचक पिंप असते, तेच ड्रम. त्यात खाली पाणी आणि वर वाफ असते. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेतच राहिली पाहिजे. ती फार खाली गेली तर भट्टीतील नळ्यांना पाणी मिळत नाही आणि त्या तापून फुटतात. फार वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पात्यांवर आदळते. दोन्ही बाजूंच्या मर्यादा ओलांडल्या की संच आपोआप बंद पडतो. त्यास आम्ही 'ट्रिप' म्हणतो.

त्या दिवशी पाणी सोडण्याचे काम स्वयंचलित यंत्रणेकडून काढून माझ्या हाती दिलेले होते. एकाएकी टर्बाइनने जास्त वाफ ओढली आणि पाहता पाहता ड्रममधील पाण्याची पातळी चढू लागली. पातळी चढते आहे, तर पाणी कमी करावे. पाचवीतला मुलगाही हेच करील. मीही पाणी कमी केले. काही सेकंद पातळी तशीच चढत राहिली, मग क्षणभर थबकली आणि नंतर विहिरीत बादली सुटावी तशी खाली गेली. मी घाईघाईने पाणी वाढविले, पण तोवर घंटा वाजली होती आणि संच ट्रिप झाला होता.

असे का झाले? गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की फेस उसळून बाटलीच्या तोंडापर्यंत येतो. बाटलीत कोणी सोडा ओतलेला नसतो. उलट थोडा बाहेरच सांडतो. दाब कमी झाल्यामुळे आतील वायूचे बुडबुडे फुगलेले असतात. ड्रममध्ये हेच घडते. टर्बाइनने जास्त वाफ ओढली की ड्रममधील दाब उतरतो, पाण्यातील वाफेचे बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढलेली दिसते. प्रत्यक्षात त्याच क्षणी पाणी कमी होत असते. म्हणून एकट्या पातळीवर विश्वासून चालत नाही. वाफ किती जाते आणि पाणी किती येते या दोन आकड्यांकडेही पाहावे लागते. प्रशिक्षकांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांनी काळ दोन मिनिटे मागे नेला आणि तोच प्रसंग पुन्हा समोर उभा केला. त्या दुपारी तो प्रसंग मी सात वेळा अनुभवला. चौथ्या वेळेस संच वाचला.

ही फसवणूक किती महाग पडू शकते, याचे उदाहरण कोळशाच्या नव्हे, अणुवीजकेंद्राच्या इतिहासात आहे. 28 मार्च 1979 रोजी पहाटे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील केंद्रात एक झडप उघडली ती मिटलीच नाही. तिच्यातून पाणी निसटत होते; परंतु आत वाफ होऊन पातळीचे मापक मात्र पाणी भरपूर असल्याचे दाखवीत होते. चालकांनी आणीबाणीचे पाणी कमी केले. दोन तासांहून अधिक काळ ती झडप उघडी होती आणि अणुभट्टीचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला. ते चालक अडाणी नव्हते. ते सिम्युलेटरवर शिकलेले होते. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष जॉन केमेनी हे गणितज्ञ होते. ज्या सिम्युलेटरवर हे चालक तयार झाले, त्यात नेमका असा प्रसंग निर्माण करण्याची सोयच नव्हती, असे त्या आयोगास आढळून आले.

म्हणून सिम्युलेटरची भलावण करताना मी थोडा हात राखून करतो. ज्या संकटाची कल्पना समीकरणे लिहिणाऱ्याला सुचली नाही, ते संकट त्या खोलीत कधीच येत नाही. केंद्रात एखादा पंप बदलला आणि सिम्युलेटरमध्ये जुनाच राहिला, तर शिकणारा चुकीचीच सवय घेऊन परततो. आणि तेथे चुकले की काळ मागे नेता येतो, हे मनाच्या एका कोपऱ्यात माहीत असते. त्यामुळे छाती धडधडत नाही. खऱ्या कक्षात एकीकडे घंटा वाजते, दुसरीकडे दूरध्वनी, आणि सातव्या मजल्यावर गेलेला सहकारी धुळीत उभा राहून काहीतरी ओरडून सांगत असतो. यातले काहीही संगणकात नसते.

तरीही त्या सात फेऱ्या वाया गेल्या नाहीत. दोनेक वर्षांनी एका रात्रपाळीत स्वयंचलित यंत्रणा बिघडली आणि पाणी माझ्या हाती आले. तेवढ्यात भार वाढला आणि पातळी चढू लागली. माझा हात सवयीने पाणी कमी करावयास पुढे गेला होता. वाफेच्या आकड्याकडे नजर गेली आणि तो थांबला. पातळी चढली, टिकली, आणि थोड्या वेळाने आपली जागा धरून बसली. बाहेर कोणाला काही कळलेही नाही. एकाही घरातला दिवा मिणमिणला नाही.

तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे: चूक त्या खोलीत झाली तर आलेखावर एक वाकडी रेघ उमटते आणि दुपारचा चहा थंड होतो. खऱ्या केंद्रात झाली तर संच बंद पडतो, तो पुन्हा उभा करण्यात तासन् तास आणि पुष्कळसे तेल जाते, आणि कधी यंत्र मोडते, तर कधी माणूसही दगावतो.

अलीकडे आम्हांला त्या खोलीत पूर्वीपेक्षा अधिक वेळा जावे लागते. आपल्या मध्यप्रदेशातच रीवा येथे 750 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2020 पासून पूर्णपणे चालू आहे, आणि असे प्रकल्प देशभर वाढत आहेत. दुपारी उन्हाची वीज भरपूर असते, तेव्हा कोळशाच्या संचांनी भार उतरवावा आणि सूर्य मावळताच तो भराभर चढवावा, अशी अपेक्षा असते. आमचे जुने संच एकसारखा भार वाहण्यासाठी बांधलेले. आता त्यांना 40 टक्क्यांपर्यंत खाली उतरावयाचे आहे. इतक्या कमी भारावर भट्टीतील ज्वाला डळमळू लागते आणि ड्रमची पातळी अधिकच लहरी होते. येत्या जून महिन्यात मला याच विषयाच्या शिक्षणासाठी पुन्हा दोन आठवडे जावयाचे आहे. प्रशिक्षक आता दुसरे आहेत; काचेआड बसून ते काय काय घडवून आणतात, ते गेल्यावर कळेल.