मोटर शेवटी काढायची

मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येऊ लागतो आणि नेमका नवरदेवाच्या नाकापाशी अडकतो. आवाज मात्र चालूच. सनई वाजते, टाळ्या पडतात, कुणीतरी ‘अक्षता टाका रे’ म्हणून ओरडतं. पाच-सहा सेकंदांनी चित्र एकदम उडी मारतं, तेव्हा हार कधीच गळ्यात पडलेले असतात.

मामेबहिणीच्या लग्नाची फिल्म मी मानवतला, मामांच्या माडीवर बसून जोडत होतो. दोन कॅमेरे चुलतभावाने जमवलेले, तिसरं चित्रण मेहुण्यांच्या फोनवरचं. सगळं मिळून एका टेराबाइटच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये भरलेलं. पोरगी पहिल्या पंचमीला माहेरी येईल तोवर फिल्म तयार ठेवायची, असा मामींचा हुकूम होता.

तीन दिवस मी चुकीच्या टोकाला धरून ओढत होतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. चौथ्या दिवशी मामा वर आले.

“काय करायलास रे?”

“लॅपटॉप फॉरमॅट करायलो मामा.”

“बोअरला पाणी येईना झालं की आधी मोटर काढतो का आपण? आधी डीपीवरचा फ्यूज बघायचा, मग स्टार्टर, मग केबल. मोटर शेवटी काढायची.”

मामांना हार्ड डिस्क कशाशी खातात ते ठाऊक नाही. पण मोटर काढण्यात किती माणसं आणि किती पैसे जातात, ते पक्कं ठाऊक आहे. फॉरमॅट तिथेच थांबवलं आणि मी त्यांच्या क्रमाने निघालो: स्वस्तातलं आधी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिली परीक्षा फुकटातली. अडकणारी कॅमेऱ्याची क्लिप डिस्कवरून लॅपटॉपच्या स्वतःच्या एसएसडीवर उतरवून घेतली आणि तिथून चालवली. अंतरपाट सुळकन खाली आला. म्हणजे क्लिप ठीक, लॅपटॉप ठीक. घोळ डिस्कपासून लॅपटॉपपर्यंतच्या वाटेत. कॉपी होताना वेग पाहिला: सेकंदाला जेमतेम 30 मेगाबाइट.

मग डिस्कच्या मागे वाकून पाहिलं. अशा डिस्कचं तोंड रुंद असतं, शेजारी-शेजारी दोन खाचा, एक मोठी, एक छोटी. मूळ केबल लग्नाच्या धांदलीत हरवली होती आणि भावाने मोठ्या खाचेत जुन्या फोनच्या चार्जरची केबल खुपसली होती. ती बसते, दिवा लागतो, फायली दिसतात, म्हणून शंकाच येत नाही. पण छोटी खाच रिकामी राहिली की यूएसबी 3.0 ची डिस्क 2.0 च्या चालीने चालते. कागदावर 5 गिगाबिटच्या जागी 480 मेगाबिट, आणि हातात पडतात सेकंदाला 30 ते 40 मेगाबाइट.

आता हिशोब मांडा. आमचे दोन्ही कॅमेरे फोर-के चित्रण 100 मेगाबिटने करणारे, म्हणजे प्रत्येकी सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. दोघांचे 25, वर फोनचे तीनेक. अंतरपाटाच्या क्षणी मी तिन्ही चित्रं एकावर एक ठेवून चालवत होतो, आणि फिरत्या तबकडीवरची सुई तीन जागी उड्या मारत वाचत होती. वाट तिथेच तुंबत होती. मानवतच्या दुकानांत चार्जिंगच्याच केबली होत्या. दुसऱ्या दिवशी भाऊ परभणीहून हवी ती घेऊन आला. वेग 100 च्या वर गेला. फ्यूज सापडला.

फोनची क्लिप मात्र लॅपटॉपच्या एसएसडीवरूनही अडखळत होती. गंमत म्हणजे साध्या प्लेअरमध्ये तीच क्लिप छान चालायची. बरेच फोन आता 2013 साली आलेल्या एचईव्हीसी पद्धतीने चित्रण साठवतात. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. एक पूर्ण, आणि तिच्यापुढच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त बदल काय झाला तेवढंच. अडत्याच्या खातेवहीसारखं समजा: सतरा तारखेची बाकी विचारली, तर ‘मागील पानावरून पुढे’ करत मांडत यावं लागतं. प्लेअर ओळीने वाचत जातो, त्याला अडचण नाही. एडिटिंगमध्ये आपण कुठूनही मधेच उडी मारतो, उलटं फिरवतो, आणि दर उडीला लॅपटॉप बिचारा मागची पानं चाळत बसतो.

यावर उपाय प्रॉक्सीचा. मूळ क्लिपच्या हलक्या, छोट्या प्रती करायच्या, कापाकापी त्यांच्यावर करायची आणि शेवटी फिल्म निघताना सॉफ्टवेअर मूळ क्लिप उचलतं. रात्री लॅपटॉप लावून झोपलो. मधे दोन वाजता वीज गेली, पंखा थांबला म्हणून जाग आली. लॅपटॉप बॅटरीवर काम करतच होता. फोनच्या क्लिपांची आणखी एक खोड होती. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेगही कमी-जास्त करतो, त्यामुळे भटजींचे ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेत होते. फोनच्या क्लिपा सेकंदाला ठाम 25 फ्रेमवर बदलून घेतल्यावर तेही जुळलं.

सकाळी उघडून पाहतो तर टाइमलाइन लालेलाल. एकही क्लिप सापडत नाही. पोटात गोळा आला. पण आता सवय लागली होती, म्हणून आधी डिस्क उघडून पाहिली. फायली जागच्या जागी. मामांच्या नातवाने गाण्यांचा पेनड्राइव्ह आधी लावला होता. विंडोजने ‘ई’ हे अक्षर त्याला दिलं आणि आमची डिस्क ‘एफ’ झाली. सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसलेलं. डिस्कला ‘एस’ हे लांबचं अक्षर कायमचं नेमून दिलं, क्लिपांना नवा पत्ता दाखवला, प्रश्न मिटला.

शेवटी उरली आजीची क्लिप. पंगतीत आजी नवरीला घास भरवते, तिथे 1 मिनिट 12 सेकंदांवर चित्र थांबायचं. दर वेळी तिथेच. आधीचं अडकणं जागा बदलायचं, तेव्हा दोष वाटेत होता. हे जागेवरून हलत नव्हतं, आणि कान लावला तर डिस्क आतून टक्-टक् करत होती. कॉपीही त्याच जागी अडायची. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा शून्य नव्हता.

अशा वेळी विंडोजची चेकडिस्क चालवायचा मोह होतो. तो आवरावा. मरू घातलेल्या डिस्कला दुरुस्तीच्या कामाला जुंपण्याआधी जे निघतं ते काढून घ्यावं. नवी डिस्क आणून सगळं तिच्यावर उतरवलं. आजी तेवढी मागे राहिली. भावाला फोन केला. त्याने कॅमेऱ्याचं कार्ड अजून पुसलं नव्हतं. पुसलं असतं तर घास हातातच राहिला असता. या एका ठिकाणी मात्र मोटर खरंच काढावी लागली.

फिल्म झाली साडेसहा जीबीची. 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर घालायला गेलो तर फाइल मोठी आहे म्हणून नकार. रिकामा पेनड्राइव्ह असं म्हणतो तेव्हा तो फॅट 32 पद्धतीचा असतो. त्यात 4 जीबीची एक फाइल मावत नाही. एक्सफॅट करून घालता आली, पण मामांचा जुना टीव्ही एक्सफॅट ओळखेना. मग पेनड्राइव्ह पुन्हा फॅट 32 केला आणि फिल्मचेच दोन तुकडे केले: हार घालेपर्यंत एक, पंगतीपासून दुसरा.

पंचमीच्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले. अंतरपाट न अडखळता खाली आला, हार पडले आणि पडदा काळा झाला.

“गेला का फ्यूज?” मामांनी विचारलं.

“नाही मामा, पहिला भाग संपला.”

मामी चहा ठेवायला उठल्या.