अक्षरं कोरणारा चाकू

शाळेचा रबरी शिक्का तुम्ही उलटा करून पाहिला आहे का? त्यावर अक्षरे उलटी असतात, पण कागदावर सुलटी उमटतात. जपानमधल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, दोनशे वर्षांपूर्वी चित्रेसुद्धा अशीच छापत.

चित्रकार पातळ कागदावर कुंचल्याने चित्र काढी. तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर पालथा चिकटवायचा. मग कारागीर रेषा तेवढ्या ठेवून बाकीचे लाकूड चाकूने कोरून काढी. मूळ चित्र त्यातच संपायचं! नंतर फळीला शाई लावायची, वर कोरा कागद ठेवायचा आणि हाताने घासून छाप घ्यायचा. रंगांसाठी आणखी वेगळ्या फळ्या असत.

चित्रातली अक्षरेही अशीच कोरत. जपानी लोक कुंचल्याने वरून खाली लिहीत. रेघ कुठे जाड, कुठे केसासारखी बारीक. कुंचल्याची ही ऐट चाकूने लाकडात आणायची, तीही उलटी! मला तर चित्रकारापेक्षा या कारागिराचंच जास्त नवल वाटतं. त्याचे नाव मात्र बहुतेक चित्रांवर नसते.

होकुसाईचे मोठ्या लाटेचे चित्र (सुमारे १८३१) कुठे पाहायला मिळाले तर डावीकडचा वरचा कोपरा बघा. उभ्या चौकटीत चित्राचे नाव आहे. शेजारी सही आहे, तिचा अर्थ असा : होकुसाई, आता नाव बदलून इइत्सु, याच्या कुंचल्याचे काम. ती अक्षरे बोटाने झाकली तर तो कोपरा अगदी ओका दिसतो.

त्याच्याही आधीची एक गंमत आहे. १७९३ साली सरकारने हुकूम काढला, की चहाच्या दुकानातल्या मुलींसारख्या साध्या स्त्रियांची नावे चित्रांवर छापायची नाहीत. हुकूम मोडला तर शिक्षा. मग उतामारो या चित्रकाराने काय करावं? नावाच्या जागी त्याने छोटी चित्रे काढली : भाजीच्या दोन जुड्या, बाण, समुद्र आणि भातशेत. जपानीत भाजी म्हणजे 'ना', दोन जुड्या 'निवा', बाण 'या', किनाऱ्यापासून दूरचा समुद्र 'ओकी' आणि शेत 'ता'. आता जोडून वाचा बरं. नानिवाया ओकिता! नानिवाया हे चहाचे दुकान आणि ओकिता तिथे चहा देणारी मुलगी.

अक्षर एकही नाही, तरी नाव वाचता येई. पुढे हे सरकारच्याही ध्यानात आले आणि १७९६ साली अशा चित्रकोड्यांवरही बंदी आली.