पहिल्या धारेची व्याख्या

मार्चच्या पहाटे सातपुड्यात मोहाखाली फुलांचा सडा पडलेला असतो. फूल रात्री उमलते आणि उजाडता उजाडता पाकळ्यांचा मांसल, फिकट पिवळा गोळा सुटून खाली येतो. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून काढलेला असतो, म्हणजे वेचताना फूल शोधावे लागत नाही. तीन-चार दिवसांच्या उन्हात ते तपकिरी, सुरकुतलेले, मनुकेसारखे होते. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात ही वेचणी होळीच्या आगेमागे चालते. यातली काही फुले पोटात जातात, काही व्यापाऱ्याच्या पोत्यात आणि काही मडक्यात. मडक्यातल्यांचे पुढे जे होते त्याच्यासाठी मराठीत एक खणखणीत विशेषण आहे: पहिल्या धारेची. शहरात बसून ज्याने कधी भट्टी पाहिली नाही, तोही हे विशेषण कशालाही लावतो, अगदी राजकारण्याच्या भाषणालासुद्धा. गुणवत्तेचा शिक्का मारणारा शब्द भाषेत आहे, पण बाटलीवर तो कुठेच नाही. असे का झाले, याचे नेहमीचे उत्तर ‘ती गावठी दारू, तिला कसला दर्जा’ असे असते. ते उत्तर चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. दर्जा आणि प्रकार होते आणि आहेत. नव्हती ती कायद्यात लिहिलेली व्याख्या.

आधी कसब पाहू. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असू शकते आणि आंबवणारे यीस्ट फुलाबरोबरच येते, त्यामुळे गूळ घालायची गरज पडत नाही. मडके आठवडाभर बुडबुडत राहते. बुडबुडे थांबले, वास आंबटगोड झाला की ते चुलीवर चढते. वर दुसरे भांडे, सांध्यांना ओल्या मातीचा लेप, वाफेसाठी बांबूची नळी आणि नळीच्या टोकाला गार पाण्यात ठेवलेले भांडे, एवढीच यंत्रसामग्री. खरे काम असते ते जाळाचे. जाळ वाढला की मडक्यातला गाळ लागतो आणि करपट वास थेट धारेत उतरतो. गार पाणी कोमट झाले की वाफ थिजत नाही, म्हणून ते बदलत राहावे लागते. सुरुवातीला येते ती कडक, काडी लावली तर निळ्या ज्योतीने पेटणारी. पुढे पुढे धार पातळ होत जाते, आणि कुठे थांबायचे हे गाळणारा हात चव घेऊन ठरवतो. उतरलेली दारू पुन्हा गाळली तर तिसरीच चीज तयार होते. म्हणजे एकाच फुलापासून धारेनुसार आणि गाळण्यानुसार वेगवेगळे प्रकार मिळतात. गोव्यात काजूच्या पहिल्या गाळणीला हुर्राक आणि पुढच्या कडक गाळणीला फेणी अशी स्वतंत्र नावे आहेत, आणि काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नंदुरबारच्या नवापुरी तूरडाळीलाही ते मानांकन आहे. मोहाच्या धारेला नाही.

आता बर्बन व्हिस्कीच्या केंटकीकडे वळू, कारण घराण्याच्या नावावर दारू कशी मोठी होते याचा तो प्रसिद्ध नमुना आहे. जेकब बीमने 1795 मध्ये आपली पहिली पिंपे विकली, असे जिम बीमचे घराणे सांगते. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती उठल्यावर 1934 मध्ये जेम्स बीमने नवी भट्टी उभी केली. तो यीस्टचा विरजणासारखा जपलेला वाण घरी घेऊन जायचा, ही गोष्ट कंपनी आजही हौसेने सांगते. पण घराणे, विरजण, पाण्याचा झरा या गोष्टी जगातल्या प्रत्येक भट्टीकडे असतात. बर्बनला बर्बन केले ते एका कायद्याने आणि एका ठरावाने. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली रंग आणि तंबाखूचे पाणी घातलेला स्पिरिट सर्रास विकला जाई. त्यावर 1897 मध्ये कायदा आला: एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी कुलपाखाली किमान चार वर्षे मुरवलेली आणि 50 टक्के अल्कोहोलची व्हिस्की असेल तरच बाटलीवर सरकारी शिक्का. पुढे 1964 मध्ये तिथल्या काँग्रेसने ठराव करून बर्बन हे अमेरिकेचे खास उत्पादन ठरवले. आज किमान 51 टक्के मका आणि आतून जाळलेले नवे ओकचे पिंप, या अटी मोडल्या तर बीमच्या घराण्यालाही बाटलीवर बर्बन लिहिता येत नाही. गंमत म्हणजे ही कंपनी 2014 पासून जपानच्या सनटोरीच्या मालकीची आहे, तरी अटी अमेरिकेच्याच लागू आहेत. नाव घराण्याचे असले तरी विश्वास व्याख्येमुळे आला.

आपल्याकडे नेमके उलटे झाले. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळप बेकायदा ठरवले आणि धंदा मक्तेदारांकडे व मोठ्या भट्ट्यांकडे वळवला. महसूल गोळा करायला शंभर भट्ट्यांपेक्षा एक भट्टी सोपी, एवढेच त्यामागचे कारण. 1892 च्या मोह्रा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या साठ्यावर आणि व्यापारावरही बंधने आणली. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला. अमेरिकेची दारूबंदी तेरा वर्षे टिकली, मोहाची घरगुती भट्टी दीड शतकाच्या आसपास चोरून पेटते आहे. चोरून केलेल्या कामात घाई असते, आणि घाईतून काळा गूळ आणि नवसागर आले. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘रसायन’ म्हणून जे नष्ट होते त्यात मोहाचे फूल अनेकदा औषधालाही नसते. मग राज्य सरकारने 2022 मध्ये ठरवले की मोहफुलांपासून आणि काजूबोंडांपासून केलेल्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचा. करआकारणीच्या दृष्टीने यात तर्क असेल, पण सातपुड्यातल्या झाडाखाली उभे राहून वाचले तर हा विनोद कोणत्याही विनोदी लेखकाला सुचला नसता.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दारूने मेली. अशा काळात हातभट्टीला प्रतिष्ठा द्यायची का? पण तिथला मारेकरी कारखान्यातला मिथेनॉल होता. बेनामी धंद्यात पिणाऱ्याला पेल्यात काय आहे ते कळायला मार्ग नसतो, म्हणून तसली भेसळ खपते. घरच्या भट्टीतही सुरुवातीच्या थेंबांत नको ते पदार्थ जास्त उतरतात आणि ते वेगळे काढावे लागतात हे खरे. म्हणून तपासणी हवी, नळी तांब्याची किंवा स्टीलची हवी. पण 1897 चा कायदा भेसळीतूनच जन्मला, हे विसरू नये. भेसळ हे व्याख्या नाकारण्याचे कारण होत नाही, ते तर व्याख्या लिहिण्याचे कारण आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो शहरातून नाही, याच जिल्ह्यातून येतो. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी 1930 च्या दशकात ‘आप की जय’ म्हणत हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याच्या आदिवासी चळवळीत बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. त्या मडक्यांत प्रतिष्ठा नव्हती, मार होता आणि गहाण पडलेली जमीन होती. वारसा म्हणून मोहाचे कौतुक करणाऱ्याने हे आधी ऐकले पाहिजे. यावर ‘दारू वाईट नसते, माणूस वाईट असतो’ असे म्हणणे पोकळ आहे. सुदैवाने इथे एक कायदाच दोन्ही टोके धरून आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा निर्बंध आणण्याचा अधिकारही दिला. अक्कलकुवा आणि धडगाव या क्षेत्रात येतात. म्हणजे व्याख्या ग्रामसभेच्या हाती राहिली, तर मोरवडच्या वारसदारांना ‘आमच्या गावात नको’ म्हणता येते आणि शेजारच्या गावाला ‘आम्ही गाळू, पण हंगामात एवढीच’ म्हणता येते. परवाना मंत्रालयातून एखाद्या कंपनीला मिळाला, तर यातले काहीच उरत नाही. बायकांना फोडायला मडकेही सापडणार नाही.

ही भीती हवेतली नाही. डहाणूला साउथ सीज डिस्टिलरीने 2024 मध्ये ‘सिक्स ब्रदर्स’ नावाने महुरा, म्हणजे मोहाची दारू, बाजारात आणली. सहा भावांच्या एका पारशी घराण्याचा वारसा ती मिरवते, आणि घराणे म्हणून तिचा अभिमान रास्तच आहे. पण फूल वेचणाऱ्यांचे नाव अशा बाटलीवर येत नाही. नर्मदेपलीकडे अलिराजपूरला मध्य प्रदेशाने वेगळी वाट धरली. वारसा मद्याचे धोरण आखून गाळप आदिवासी बचतगटाकडे दिले आणि बाटलीला नाव दिले ‘मोंड’. तिथला हिशेब कितपत जुळतो हे बाजार ठरवेल. निदान तिथे लेबलावर फूल कोणाचे आणि हात कोणाचे हे एकाच वाक्यात मावते. नंदुरबारची व्याख्या लिहायची तर ती फार लांब नको: फूल याच डोंगरातले, गूळ नाही, नवसागर नाही, भट्टी ग्रामसभेच्या ठरावाची, आणि पहिली धार कुठे संपते ते अल्कोहोलच्या टक्केवारीत. शेवटची ओळ लिहिणे सर्वांत अवघड जाईल, कारण ती आजवर फक्त जिभेवर होती. मानासाठी मात्र धारेला व्याख्येची वाट पाहावी लागलेली नाही: महाशिवरात्रीला सीमेपलीकडे सागबाऱ्याच्या देवमोगरा मातेला हीच धार वाहिली जाते, तेही दारूबंदीच्या गुजरातमध्ये.